परळची प्लेग प्रयोगशाळा आणि मुलकोवालची दुर्घटना : आरोग्यसंस्थेतील नेतृत्व व उत्तरदायित्व यांचा एक ऐतिहासिक विचार

आरोग्यसंस्थांचा इतिहास आपल्याकडे बहुधा दोन अंगांनी लिहिला गेला आहे. एक अंग वैद्यकीय शोधांचे, दुसरे इमारती, देणग्या व उद्‌घाटने यांचे. या दोहोंच्या मध्ये एक तिसरे अंग आहे आणि ते सहसा दुर्लक्षित राहते. संस्थेत काम करणाऱ्यांवर कामाचा भार किती होता, निर्णयाचा अधिकार कोणाकडे होता, वरिष्ठ व कनिष्ठ यांचे परस्परसंबंध कसे होते, आणि चूक घडली असता तिचा शोध कोणत्या वृत्तीने घेतला गेला, या प्रश्नांचा तो इतिहास होय. रुग्णाचे आरोग्य सांभाळणाऱ्या संस्थेचे स्वतःचे आरोग्य कसे आहे, हे या प्रश्नांच्या उत्तरांवरून कळते. मुंबईतील परळ येथील प्लेग प्रयोगशाळा व तिचे पहिले प्रमुख वाल्डेमार हाफकिन यांच्या आयुष्यातील १९०२ ते १९०७ या कालखंडाचा प्रस्तुत निबंधात याच दृष्टीने विचार करावयाचा आहे.

१. प्रयोगशाळेची उभारणी

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात, गोव्यात जन्मलेले डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्या वेळी हाफकिन कलकत्त्यास होते. ओडेसा येथे १८६० साली एका यहुदी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मेचनिकॉफ यांच्या हाताखाली त्यांनी प्राणिशास्त्राचे शिक्षण घेतले आणि पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करीत असता १८९२ साली पटकीची लस सिद्ध केली. ती लस घेऊन ते १८९३ साली हिंदुस्थानात आले. ते वैद्यकीय पदवीधर नव्हते, इंग्रजही नव्हते. हिंदुस्थानातील सरकारी वैद्यकाची सर्व सूत्रे ज्या इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या हाती होती, तिच्यातील परंपरागत लष्करी अधिकाऱ्यांपैकीही ते नव्हते. पुढील घटनांचा अर्थ लावताना ही गोष्ट ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

७ ऑक्टोबर १८९६ रोजी हाफकिन मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पेटिट प्रयोगशाळेतील एक खोली, एक कारकून व तीन शिपाई एवढ्या सामग्रीवर त्यांनी कामास आरंभ केला. अवघ्या तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात, जे कैदी आपण होऊन पुढे आले त्यांच्यावर तिचा प्रयोग करण्यात आला. जे औषध इतरांस द्यावयाचे त्याचा धोका प्रमुखाने आधी आपल्या अंगावर घेतला, ही या संस्थेच्या आरंभीची घटना आहे.

येथे तत्कालीन परिस्थितीचे स्मरण ठेवले पाहिजे. प्लेगच्या निवारणार्थ फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. घरांची झडती, रोग्यांची सक्तीने रवानगी व माणसांचे विलगीकरण यांमुळे लोक संतप्त झाले. पुण्यात २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या, त्याची पार्श्वभूमी हीच होती. ज्या काळी सरकारी वैद्यकाचे नाव काढताच दारे बंद होत, त्या काळी स्वेच्छेने टोचून घेण्याच्या लसीचा सारा भरवसा लोकांच्या विश्वासावर होता. हा विश्वास मिळविण्यासाठी प्रयोगशाळेने बारीकसारीक गोष्टींतही दक्षता बाळगली. जंतूंच्या वाढीसाठी लागणारा मांसरस हिंदू व मुसलमान या दोहोंच्याही भावना न दुखाव्यात म्हणून बोकडाच्या मांसाचा केला जाई, आणि त्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांच्या आधाराने जंतू वाढविले जात. स्थानिक समाजाचा हा विचार लसीच्या शास्त्रीय कृतीतच सामावून घेतलेला होता.

मागणी वाढत गेली तशी प्रयोगशाळेची जागा बदलत गेली. मलबार हिलवरील एक बंगला, त्यानंतर आगाखानांचे खुश्रू लॉज, आणि शेवटी परळचे जुने गव्हर्नमेंट हाउस असे हे स्थलांतर झाले. परळच्या या वास्तूत गव्हर्नर राहत असत. १८८२ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीचे तेथे पटकीने निधन झाल्यावर ते निवासस्थान मागे पडले. १० ऑगस्ट १८९९ रोजी गव्हर्नर लॉर्ड सँढर्स्ट यांच्या हस्ते तेथे प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्‌घाटन झाले. जेथे पूर्वी मेजवान्या व नृत्यसमारंभ होत, त्या दालनांत आता लसीच्या बाटल्या भरल्या जाऊ लागल्या.

२. एका छपराखाली दोन कामे

ही वाढ डोळ्यांत भरण्यासारखी होती, परंतु तिच्या पोटी एक अडचण दडलेली होती. प्रयोगशाळा हे संशोधनाचे स्थान होते आणि त्याच वेळी तो एक कारखानाही होता. संशोधकाचा धर्म पद्धतीत सतत सुधारणा करीत राहण्याचा, तर उत्पादकाचा धर्म एकदा ठरलेली पद्धती न बदलता पुनःपुन्हा पाळण्याचा. परळ येथे या दोन्ही जबाबदाऱ्या एकाच माणसाच्या शिरावर होत्या. नवी कृती शोधणारा तोच, ती लागू करणारा तोच, आणि तयार झालेला माल निर्दोष असल्याची ग्वाही देणाराही तोच, अशी ही व्यवस्था होती. प्रमुखाच्या निर्णयावर त्याच्या तोडीच्या दुसऱ्या कोणाची नजर असावी, अशी सोय तिच्यात नव्हती.

या दुबळेपणाची सूचना वेळीच मिळाली होती. एडिंबरोचे प्राध्यापक फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली १८९८ साली नेमलेल्या हिंदुस्थान प्लेग आयोगाने लसीची उपयुक्तता मान्य केली, तथापि तिचे प्रमाण व सामर्थ्य निश्चित करण्याच्या पद्धतीवर टीकाही केली. आयोगाची टीका शास्त्रीय स्वरूपाची होती. तिच्यातून संस्थेच्या रचनेविषयी जो बोध घ्यावयास हवा होता तो सरकारनेही घेतला नाही आणि प्रयोगशाळेनेही घेतला नाही.

मूळ पद्धतीत मांसरसातील जंतूंची वाढ पुरी होण्यास कित्येक आठवडे लागत. त्यानंतर उष्णता देऊन जंतू मारले जात आणि वर अर्धा टक्का कार्बॉलिक आम्ल मिसळले जाई. १९०२ साली पंजाब सरकारने लसटोचणीची एक प्रचंड मोहीम योजिली. या मोहिमेस लागणारी लाखो मात्रांची लस जुन्या संथ पद्धतीने पुरविणे शक्य नव्हते. तेव्हा हाफकिन यांनी अगरवर जंतू वाढविण्याची जलद पद्धती स्वीकारली आणि कार्बॉलिक आम्लाचा वापर सोडून केवळ उष्णतेवर विसंबण्याचे ठरविले. या निर्णयास शास्त्रीय आधार होता, कारण पॅरिसच्या पाश्चर संस्थेत अशी पद्धती रूढ होती. परंतु हा बदल अशा वेळी झाला की, मागणीचा रेटा सर्वांत प्रबळ होता आणि नव्या पद्धतीचा अनुभव सर्वांत अल्प होता. मोहिमेचा आकार पंजाबात ठरला. त्याचा भार मात्र परळच्या कामगारांवर आणि गावोगाव हिंडणाऱ्या टोचणी पथकांवर पडला.

३. मुलकोवाल

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. पुढील आठवड्यात त्यांपैकी १९ जणांमध्ये धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली आणि ते सर्व मरण पावले. त्या दिवशी अनेक बाटल्या वापरल्या गेल्या होत्या. हे १९ जण मात्र ‘५३-एन’ असा क्रमांक असलेल्या एकाच बाटलीतून टोचलेले होते. इतर बाटल्यांतून टोचलेल्या ८८ जणांस काहीही अपाय झाला नाही.

या प्रसंगी संस्थेच्या बाजूची एक गोष्ट नोंदविणे न्याय्य होईल. बाटल्यांवर क्रमांक घातलेले होते, आणि कोणती बाटली केव्हा भरली याची नोंद ठेवलेली होती. म्हणूनच मृत्यूंचा संबंध एका विशिष्ट बाटलीशी जोडता आला, आणि ती टोचणीपूर्वी ४१ दिवस आधी परळ येथे भरली गेली होती हेही सांगता आले. ज्या संस्थेत अशी नोंद ठेवलेली नसते तेथे अशी दुर्घटना दैवाच्या किंवा रोग्याच्या माथी मारली जाते. परळच्या प्रयोगशाळेने ठेवलेला हा हिशेबच पुढे तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून मांडला गेला, आणि अखेरीस तिच्या बचावासही तोच उपयोगी पडला.

४. चौकशी व तिची दृष्टी

सरकारने चौकशी आयोग नेमला. मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेंकिन्स हे त्याचे अध्यक्ष होते, आणि त्यांच्या जोडीस बॉमफर्ड व सेंपल हे दोन वैद्यकीय अधिकारी होते. बाटली परळ येथेच, म्हणजे मुलकोवाल येथे उघडण्यापूर्वीच दूषित झालेली होती, असा निष्कर्ष आयोगाने काढला. कार्बॉलिक आम्ल वगळण्याचा निर्णय हा हाफकिन यांच्याविरुद्धच्या आक्षेपाचा गाभा ठरला. त्यांना प्रमुखपदावरून दूर करण्यात आले आणि १९०४ साली ते हिंदुस्थान सोडून गेले. पुढे लंडनच्या लिस्टर संस्थेचे मत मागविण्यात आले. टोचणीच्या वेळी बाटलीतील द्रवात धनुर्वाताचे जंतू बहुधा होते, परंतु ते केव्हा व कोणत्या मार्गाने शिरले हे निश्चित सांगता येणार नाही, असा त्या मताचा आशय होता. संशय अशा रीतीने शिल्लक राहिला असतानाही शिक्षा मात्र कायम राहिली.

चौकशीपुढील पुराव्यातच दुसऱ्या शक्यतेचे धागे होते. बाटली उघडताना एका मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीत तापवून निर्जंतुक करावयास हवा होता. त्याऐवजी कार्बॉलिकच्या पाण्यात बुडवून त्यानेच बूच काढण्यात आले. धनुर्वाताच्या जंतूंचे बीज मातीत असते आणि ते अशा ओझरत्या धुण्याने मरत नाही. याउलट, हे जंतू ४१ दिवस बाटलीत वाढत राहिले असते तर द्रवास दुर्गंधी आली असती. टोचणारे डॉ. एलियट यांनी बाटली उघडल्यावर तिचा वास घेऊन पाहिला होता आणि त्यांस काहीही वावगे आढळले नव्हते. शिवाय जंतूंनी एवढ्या अवधीत द्रवात विष साठविले असते तर रोगाची लक्षणे त्वरित दिसावयास हवी होती. प्रत्यक्षात ती सुमारे आठवड्याने दिसू लागली. या सर्वांवरून दोष बाटली उघडण्याच्या क्षणी शिरला असावा, हे अनुमान अधिक संभवनीय ठरते.

आयोगाने या पुराव्यास पुरेसे वजन का दिले नाही, या प्रश्नाचे उत्तर केवळ व्यक्तींच्या पूर्वग्रहात शोधणे पुरेसे होणार नाही. हाफकिन परके होते आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या वर्तुळाबाहेरचे होते, याचा परिणाम झाला नसेल असे म्हणता येत नाही. या प्रकरणास पुढे ‘छोटे ड्रेफ्यूस प्रकरण’ असे नाव पडले ते यामुळेच. तथापि, याहून खोल कारण चौकशीच्या स्वरूपातच आहे. ‘दोषी कोण’ असा प्रश्न एकदा ठरला की उत्तरादाखल एखादे नाव द्यावेच लागते. लसीची मागणी कोणी व किती घाईने ठरविली, नव्या पद्धतीची स्वतंत्र पडताळणी कोणी करावयाची होती, दूरच्या खेड्यात काम करणाऱ्या पथकास साधने व शिक्षण कितपत मिळाले होते, टोचणी पथकांकडून परळला माहिती परत येण्याची काही वाट होती काय, हे प्रश्न त्या चौकटीत बसत नव्हते. या प्रश्नांची उत्तरे शोधली असती तर सरकारलाही आपल्या योजनेचा जबाब द्यावा लागला असता.

येथे आणखी एका अन्यायापासून सावध राहणे अवश्य आहे. हाफकिन यांचा बचाव करताना त्यांच्या पक्षाच्या अनेक लेखकांनी दोषाचा सारा भार त्या चिमटा पडलेल्या मदतनिसावर टाकला आहे. वरिष्ठास निर्दोष ठरविण्यासाठी सर्वांत कनिष्ठ माणसास पुढे करणे ही देखील त्याच दृष्टीची दुसरी बाजू होय. दिवसभरात शंभरावर माणसांस टोचणाऱ्या पथकात चिमटा हातून पडणे ही अघटित गोष्ट नव्हे. असा प्रसंग येणारच हे गृहीत धरून दुसरा निर्जंतुक चिमटा जवळ असावा, बूच काढण्याची रीत प्रत्येकाच्या अंगवळणी पडलेली असावी, आणि शंका येताच बाटली टाकून देण्याचा अधिकार मदतनिसासही असावा, ही जबाबदारी व्यवस्थेची असते.

५. पुनर्विचार

चौकशीचे कागदपत्र सरकारने १९०६ च्या अखेरीस प्रसिद्ध केले आणि तेव्हाच या प्रकरणाचा विचार शास्त्रज्ञांच्या जगात मोकळेपणाने होऊ शकला. हिवतापाच्या शोधाबद्दल नोबेल पारितोषिक मिळालेले रोनाल्ड रॉस आणि कलकत्त्यास आरोग्याधिकारी म्हणून काम केलेले सिम्पसन यांनी हाफकिन यांची बाजू मांडली. जुलै १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रात रॉस, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेचे सायमन फ्लेक्सनर व इतर नामवंत जंतुशास्त्रज्ञ यांच्या सह्यांचे पत्र आले. हाफकिन यांच्यावरील आरोप पुराव्याने खोटा ठरतो, असे त्यात स्पष्टपणे म्हटले होते. नोव्हेंबर १९०७ मध्ये हाफकिन यांची दोषमुक्तता झाली व त्यांस पुन्हा हिंदुस्थानात नोकरी देऊ करण्यात आली.

न्याय मिळाला, पण अपुरा मिळाला. परळची जागा त्यांना परत मिळाली नाही. तेथे बॅनरमन यांनी कार्यभार सांभाळला होता. हाफकिन कलकत्त्यास रुजू झाले. तेथे नव्या लसींचे प्रयोग माणसांवर करण्यास त्यांस मोकळीक नव्हती, आणि १९१४ साली ते निवृत्त होऊन युरोपास परतले. १९३० साली लोझान येथे त्यांचे निधन झाले. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, कार्यशक्ती भरात असताना त्यांचे काम तुटले ते कायमचे.

व्यक्तीच्या हानीपेक्षा समाजाची हानी मोठी होती. मुलकोवालच्या वार्तेने लसीविषयीचा विश्वास ढासळला. पंजाबातील मोहीम पुन्हा त्या जोमाने उभी राहिली नाही. १९०७ या एका वर्षात हिंदुस्थानात दहा लाखांहून अधिक माणसे प्लेगने मेली आणि त्यांत पंजाबचा वाटा फार मोठा होता. लस सर्वत्र पोहोचली असती तर यांपैकी किती प्राण वाचले असते याचा हिशेब कोणालाही मांडता येणार नाही. परंतु चौकशी खुली व त्वरित झाली असती, दोष नेमका कोठे शिरला असावा हे लोकांस समजावून सांगितले गेले असते, तर संशयास पाच वर्षे वाढण्यास जागा मिळाली नसती, एवढे निश्चित म्हणता येते.

६. समारोप

हाफकिन यांच्या नेतृत्वाचे मूल्यमापन करताना गौरव व दोष या दोन्ही बाजू मांडल्या पाहिजेत. धोका आधी स्वतः पत्करणे, लोकांच्या भावनांची कदर करणे, प्रत्येक बाटलीचा हिशेब ठेवणे हे त्यांचे गुण संस्थेच्या अंगी उतरले. परंतु सारे निर्णय आपल्याच हाती ठेवणे, आणि पद्धतीतील मोठा बदल सरकारच्या व इतर तज्ज्ञांच्या पूर्ण माहितीने व संमतीने न करणे, ही त्यांच्या नेतृत्वाची उणीव होती. ज्याने अधिकार वाटून घेतलेला नसतो, त्याच्या वाट्यास संकटकाळी दोषही अविभक्त येतो. आणि ज्या सरकारने अल्पावधीत लाखो मात्रांची मागणी केली, त्याने दुर्घटनेनंतर आपला वाटा उचलला नाही, हे त्याहून गंभीर होय.

१९०६ साली प्रयोगशाळेचे नाव ‘बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ असे झाले. याच संस्थेत लिस्टन यांनी उंदीर व पिसू यांच्या द्वारे होणाऱ्या प्लेगच्या प्रसारावर महत्त्वाचे संशोधन केले. १९२५ साली, मॅकी संचालक असताना, तिला ‘हाफकिन इन्स्टिट्यूट’ हे नाव देण्यात आले. ज्यास दूर सारले त्याचेच नाव संस्थेने धारण केले. त्या वेळी हाफकिन हयात होते. १९३२ पासून साहिबसिंग सोखी यांच्या कारकीर्दीत तेथील संशोधन व उत्पादन या दोहोंचा विस्तार झाला. पुढे १९७५ साली लस व औषधे यांच्या उत्पादनासाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन होऊन संशोधन व उत्पादन यांचे कार्य विभागले गेले. १९०२ साली एकाच माणसाच्या शिरावर असलेल्या दोन जबाबदाऱ्या अशा रीतीने वेगळ्या होण्यास सात दशके लागली.

वैद्यकातील बहुतेक चुका व्यक्तीच्या हलगर्जीपेक्षा व्यवस्थेतील छिद्रांमुळे घडतात, हा विचार १९९९ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या अहवालानंतर जगभर मान्यता पावला. रुग्णालयांत व प्रयोगशाळांत आज तो शिकविला जातो. मुलकोवालच्या कागदपत्रांत त्याचे सर्व घटक सुमारे शंभर वर्षे आधी उपस्थित होते : घाईची मागणी, पुरेशी न पडताळलेली नवी रीत, खेड्यात काम करणारे अल्पसाधन पथक, जमिनीवर पडलेला एक चिमटा, आणि एका नावाच्या शोधात निघालेली चौकशी. त्या १९ गावकऱ्यांनी सरकारवर व शास्त्रावर विश्वास ठेवून हात पुढे केला होता. त्यांच्या मृत्यूचे खरे कारण समजून घेणे हे त्यांचे सर्वांत मोठे देणे होते, आणि ते फेडण्याऐवजी एका माणसास काढून टाकून प्रकरण मिटविण्याचा प्रयत्न झाला. परळच्या प्रयोगशाळेचा इतिहास लिहिताना हे देणेही तिच्या खात्यावर मांडले गेले पाहिजे.